मे महिन्यातला तीन इंचांचा ढाळ

दिनांक ४ मे १९३६. एस्टिमेटची रक्कम एकशे सत्त्याऐंशी रुपये. हजर: वकीलसाहेब, त्यांचे वडील नाना, मातीकामाच्या टोळीची मुकादमीण सायत्राबाई, आणि मी, ओव्हरसियर. जागा, वकीलसाहेबांच्या धरमपेठेतल्या बंगल्याचा उत्तरेकडचा व्हरांडा. कोर्ट सकाळचं होतं, म्हणून बैठक दुपारी चारला.

वकीलसाहेबांचं नाव मी लिहीत नाही. ते हयात आहेत आणि नोटीस पाठवण्याच्या बाबतीत त्यांचा हात अजूनही सैल आहे.

माझं एस्टिमेट त्यांच्या डाव्या हातात होतं आणि उजव्या हातात लाल पेन्सिल.

"कलम सात. हे काय आहे, ओव्हरसियर?"

"फाटकाचा डावा खांब चार फूट सरकवणे. एकतीस रुपये."

"मी नाली बांधायला सांगितली होती. खांब पाडायला नव्हे."

"नाली खांबाच्या पायाखालून जाते, साहेब."

"मग पायाच्या वरून न्या."

नाली म्हणजे काय होतं, ते आधी सांगतो. धरमपेठेत तेव्हा नवे बंगले उठत होते. पूर्वी तिथं शेतं होती. जमिनीचा उतार पश्चिमेकडून पूर्वेला, म्हणजे मागून पुढे रस्त्याकडे. वकीलसाहेबांच्या मागच्या प्लॉटवर रुईच्या एका अडत्याचा बंगला होता. पावसाळ्यात त्याच्या अंगणातलं पाणी उतरायचं ते थेट वकीलसाहेबांच्या उत्तरेकडच्या भिंतीशी थांबायचं. वकीलसाहेबांनी अडत्याला नोटीस दिली. अडत्याचं उत्तर मी स्वतः वाचलं आहे: "पाणी आमच्याकडेही वरूनच येते. मूळ मालकास नोटीस द्यावी." तीन वर्षांच्या पत्रव्यवहारातलं एवढं एकच वाक्य मला कामाचं वाटलं.

उत्तरेकडच्या त्या भिंतीच्या आत नानांची खोली होती. बंगल्याचं जोतं, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतची उंची, जेमतेम सवा फूट. जोत्यात वाचवलेले पैसे वरच्या मजल्यावरच्या लायब्ररीत गेले होते. त्यामुळे खालची फरशी पावसाळाभर घाम सोडायची. नानांना दमा होता. मागच्या पावसाळ्यात ते सोळा दिवस इस्पितळात होते. या ओलीत आणखी एक पावसाळा काढला तर पुढची जबाबदारी आपली नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुस्तकांना ओल चालत नाही म्हणून ती वर होती. वडील खाली होते.

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "नानांना वर का नाही ठेवत?"

वकीलसाहेब म्हणाले, "वर जागा कुठे आहे? दोन हजार पुस्तकं आहेत."

तेव्हा एस्टिमेटमध्ये काम होतं ते असं. उत्तरेच्या भिंतीपासून तीन फुटांवर, घराच्या मागच्या कोपऱ्यापासून रस्त्यापर्यंत शहाण्णव फूट लांब चर खणायचा. तळाला दगडी फरशी बसवायची. दोन्ही अंगांना चुन्याशिवाय नुसते दगड रचायचे, म्हणजे सांध्यांतून जमिनीतलं पाणी आत येतं. वरून गिट्टी भरून टाकायची. याला आम्ही बुजलेली नाली म्हणतो. वरून काही दिसत नाही आणि खालून पाणी निघून जातं, अर्थात ढाळ असेल तर. ढाळ म्हणजे उतार. सगळं काम त्याच्यावर आहे. बाकी नुसते दगड.

मी ढाळ नऊ इंच धरला होता. त्यासाठी पुढच्या तोंडाशी नाली खोल जायला हवी होती आणि तिथं फाटकाच्या खांबाचा पाया आडवा येत होता. वळण घेऊन फाटकाच्या मधून न्यावी तर वर मोटारीचं चाक येतं. म्हणून खांब सरकवायचा. पण त्या खांबावर संगमरवरी पाटी होती आणि पाटीवर वकीलसाहेबांच्या नावापुढे तीन पदव्या.

"पायाच्या वरून नेली तर किती ढाळ मिळतो?" त्यांनी विचारलं.

"तीन इंच."

"तीन इंचांवर पाणी वाहतं की नाही? हो किंवा नाही."

"वाहतं. पण..."

"पण कोर्टात चालत नाही." त्यांनी कलम सातवर लाल रेघ मारली. "कलम नऊ. 'जमीन पाजणे, आठ दिवस, दोन कावडवाले, रोज बारा आणे, एकूण सहा रुपये.' जमीन पाजणे म्हणजे काय?"

मी सायत्राबाईकडे पाहिलं. हे कलम तिचं होतं. तिच्या टोळीत सोळा माणसं, बायका धरून. वय पंचेचाळीसच्या आसपास, माझ्याच वयाची. कपाळावर डोक्यावरच्या मातीच्या पाटीचा वण. नागपूरच्या आसपासची अर्धी तळी तिच्या आणि तिच्या बापाच्या हातची होती, असं लोक म्हणत. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती.

"सांग साहेबांना," मी म्हटलं.

"वरच्या तोंडाले मुरूम हाय, साहेब. खालच्या तोंडाले काळी माती. मुरूम हालत नाही. काळी आता सुकून झोपून राहिली. पानी प्याली का उठते. तिच्यावर आता फरशी बसवली त फरशीबी उठन. म्हून पहिले चरात पानी भरा लागते, आठ दिवस. पाजा लागते तिले. मंग मोजा, मंग फरशी बसवा."

"किती उठते?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"ते काई म्या मोजलं नाही."

"मोजलं नाही." त्यांनी ते शब्द साक्षीदाराच्या जबानीसारखे परत उच्चारले. मग माझ्याकडे वळले. "हे तुमच्या पुस्तकात आहे?"

मी खरं ते सांगितलं. "नाही."

"तुमचं स्वतःचं मत काय?"

इथं मला थांबून लिहिलं पाहिजे. ते कलम मी रिवाज म्हणून घातलं होतं, पटलं म्हणून नव्हे. जुन्या टोळ्यांचे असे अनेक रिवाज असतात. कुणी पहिल्या कुदळीला नारळ फोडतं, कुणी अमावास्येला खणत नाही. 'पाजणं' मी त्याच यादीत टाकलं होतं. जिचा आकडा नाही ती गोष्ट नाही, अशी माझी बावीस वर्षांची सवय. मी म्हटलं, "आवश्यकच आहे असं म्हणवत नाही."

लाल रेघ.

त्या वेळी वरच्या मजल्यावरून पाण्याचा सपकारा ऐकू आला. लायब्ररीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या होत्या, आणि एक गडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर बादल्या मारत होता. ताट्यांतून गळलेलं पाणी भिंतीवरून ओघळत खाली येत होतं. सायत्राबाई त्या ओघळाकडे बघत राहिली.

"पुस्तकाले पाजून राहिले," ती म्हणाली.

आरामखुर्चीत पडलेले नाना खोकता खोकता हसले. नाना सावनेर तहसिलीतले निवृत्त पटवारी. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. मुलगा वकील झाल्यापासून त्यांनी घरात मत देणं सोडलं होतं. त्या दिवशी मात्र दिलं.

"काहून गा, सहा रुपयांसाठी काहून भांडून राहिला? बाई बरोबर सांगून राहिली. आपलं फाटक पाह्य ना. उन्हाळ्यात एका बोटानं लागते. पावसाळ्यात दोन माणसं ढकलतात तरी कडी बसत नाही."

"नाना, ते लोहाराचं काम वाईट आहे. त्याला मी नोटीस दिली आहे."

"तीन लोहार झाले."

"तिघांनाही दिली आहे."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाकडे पाहिलं, मान हलवली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. एकशे सत्त्याऐंशीतून एकतीस आणि सहा वजा. दीडशे रुपयांवर सह्या झाल्या. वकीलसाहेब म्हणाले, "गोल आकडा चांगला." मला एवढंच कळायला हवं होतं की जमिनीतलं काम कधी गोल आकड्यात बसत नाही.

काम अठरा दिवस चाललं. भट्टीसारखं ऊन होतं. टोळी पहाटे पाचला लागायची आणि दहाला झाडाखाली जायची. चर खणताना सायत्राबाईचं म्हणणं डोळ्यांनी दिसत होतं. घराच्या मागच्या कोपऱ्याशी दीड फुटावर पिवळा मुरूम लागला, कुदळ टणटण वाजायची. पुढे साठ फुटांनंतर मुरूम नाहीसा झाला आणि नुसती काळी माती, भेगांनी फाटलेली. एका भेगेत मी फूटपट्टी घातली. दोन फुटांची पट्टी पूर्ण आत गेली. ते मी वहीत टिपलंही आहे: 'भेग, खोली दोन फुटांहून अधिक.' जी जमीन वाळून एवढी आकसते ती भिजून पुन्हा पसरणार, हा हिशेब शाळेतल्या मुलानेही केला असता. मी भेगेची खोली लिहिली आणि पुढे गेलो.

फरशी बसवताना मात्र मी कसूर ठेवली नाही. लेव्हल लावली. लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण. ती अगदी आडवी बघते. समोर माणूस खुणांची उंच पट्टी धरतो, आणि कुठली जागा किती उंच-सखल ते पट्टीवरचा आकडा सांगतो. कुठून तरी मोजायला सुरुवात करावी लागते, म्हणून मी अंगणातल्या विहिरीच्या दगडी काठावर खूण केली. ती विहीर खडकापर्यंत बांधलेली होती. एवढी एक गोष्ट मी शहाणपणाची केली. मागच्या तोंडाची फरशी शंभर फूट धरली, तर पुढच्या तोंडाची नव्व्याण्णव पूर्णांक पंच्याहत्तर. पाव फूट फरक. बरोबर तीन इंच. मी ते तीनदा तपासलं.

सायत्राबाईने फरशीवर तळवा ठेवला. "आता बरोबर हाय," ती म्हणाली. 'आता' या शब्दावर तिने जरा जोर दिला होता, हे मला जुलैमध्ये आठवलं.

पाऊस वेळेवर आला. जूनच्या सरींना नालीने झकास काम केलं. रस्त्याच्या बाजूच्या तोंडातून पाण्याची धार पडताना बघायला वकीलसाहेब छत्री घेऊन उभे राहायचे. बार रूममधले दोन स्नेही त्यांनी मुद्दाम आणून दाखवले. मला एक इंग्रजी पत्र आलं. माझ्या कामातला नेमकेपणा प्रशंसनीय आहे, अशा अर्थाचं. ते मी जपून ठेवलं आहे. अशा पत्राचा खरा उपयोग ते खोटं ठरल्यानंतर होतो.

नानांची फरशी कोरडी होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी सहज गेलो तेव्हा ते खोलीत पेटीवर बसून चिवडा खात होते. म्हणाले, "डॉक्टरानं मले आषाढाची तारीख देल्ली होती. तुमी पुढची घेऊन देल्ली."

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस झड लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास वकीलसाहेबांचा गडी भिजत माझ्या घरी आला. "साहेब कोर्टात हायेत. नानाजीच्या खोलीत पानी आलं. लवकर चला."

मी लेव्हल आणि पट्टी टांग्यात घालून निघालो. बंगल्याशी पोचलो, फाटकाला हात लावला, आणि फाटक उघडेना. गडी बाहेर पडताना कुंपणातून गेला होता. मी खांदा लावला. टांगेवाल्याने खांदा लावला. दोन्ही दारं मधोमध एकमेकांवर चढून अडकली होती.

टांगेवाला म्हणाला, "पावसानं फुगलं असन, बाबूजी. लाकूड फुगतेच."

"हो," मी म्हटलं, आणि हात फाटकावरच राहिला. फाटक लोखंडी होतं.

लोखंड पावसाने फुगत नाही. पावसाळ्यात कडी बसत नाही आणि उन्हाळ्यात एका बोटाने बसते, याचा अर्थ खांब हलत होते. तीन वर्षं, दर पावसाळ्यात. खांब काळ्या मातीत उभे होते. माझ्या नालीचं पुढचं तोंड त्याच खांबाच्या पायावर टेकलेलं होतं. भर पावसात मी त्या फाटकाला धरून उभा होतो. मे महिन्यात नानांनी जे बसल्या जागी सांगितलं होतं, ते कळायला मला अडीच महिने आणि एक टांगा लागला.

कुंपणातून आत गेलो. नाली काठोकाठ भरून पाणी गिट्टीच्याही वर वीतभर चढलं होतं. रस्त्याकडच्या तोंडातून थेंब पडत नव्हता. मी चिंचेचं एक पान पाण्यावर टाकलं. ते आधी जागेवर फिरलं, मग सावकाश, कोर्टात तारीख पुढे सरकते तसं, घराच्या दिशेने निघालं. अडत्याच्या अंगणातलं सगळं पाणी नाली गोळा करत होती आणि नानांच्या भिंतीशी आणून ठेवत होती. नाली नसती तर ते पाणी चार दिशांना पसरलं असतं. मी त्याला नीट पत्ता लिहून दिला होता.

खोलीत फरशीच्या सांध्यांतून पाणी वर आलं होतं. घोट्याएवढं. नाना पलंगावर उशांना टेकून बसले होते. श्वास शिटीसारखा वाजत होता. तरी मला बघून म्हणाले, "या. बोटीनं आले का?"

त्यांना वर न्यायला हवं होतं आणि घरात गडी एकटा. सायत्राबाईची टोळी पलीकडच्या रस्त्यावर गिट्टी पसरवत होती. मी स्वतः गेलो. सगळी माणसं पोती पांघरून झाडाखाली उभी होती.

"सायत्राबाई, तुम्ही जरा येता का? चार माणसं घेऊन."

तिने पोतं मागे सारून माझ्याकडे पाहिलं. "आज अहो-जाहो करून राहिले, बाबूजी? पानी भलतंच चढलं वाटते."

ती आली. चौघांनी नानांना आरामखुर्चीसकट उचललं आणि जिना चढवला. वर जागा नव्हती. सायत्राबाईने लायब्ररीच्या मधल्या लांब टेबलावरचे ग्रंथ उचलून जमिनीवर रचायला सुरुवात केली.

"अवो, ते कायद्याचे हायेत," गडी घाबरून म्हणाला.

"कायद्याले दमा हाय का?" ती म्हणाली आणि रचत राहिली.

टेबल भिंतीला लागलं, पलंग वर आला. डॉक्टर येऊन गेले. संध्याकाळपर्यंत नानांचा श्वास संथ झाला. ते आडवे पडून भिंतीवरच्या कपाटांकडे बघत होते. मला म्हणाले, "सावनेरात चाळीस वर्षं दुसऱ्याच्या जमिनी मोजल्या. आपली आज मोजल्या गेली."

वकीलसाहेब पाच वाजता आले, फाटकावर अडले आणि कुंपणातून आले. कोटाला काटे लागले होते. आधी खाली गेले, मग वर. लायब्ररीच्या दारात उभे राहून त्यांनी पुस्तकांकडे पाहिलं, नंतर वडिलांकडे. हा क्रम मी बघितला आहे म्हणून लिहितो.

मग माझ्याकडे वळले. "ओव्हरसियर, तुम्ही तीन इंच ढाळ लिहून दिला आहे. तुमची सही आहे."

"आहे."

"मी तुम्हाला नोटीस देऊ शकतो."

"द्या. पण आधी मोजू या."

पाऊस थांबला होता. उजेड होता. मी विहिरीच्या काठावरच्या खुणेवरून लेव्हल लावली. मागच्या तोंडाची फरशी शंभर. होती तिथंच. पुढच्या तोंडाशी गिट्टी उपसून पट्टी उभी केली. शंभर पूर्णांक शून्य आठ. मला आधी यंत्राची शंका आली. जागा बदलून पुन्हा मोजलं. तेच. मे महिन्यात जी फरशी तीन इंच खाली होती, ती आता एक इंच वर होती. काळी माती चार इंच उठली होती, फरशी, दगड आणि माझी सही डोक्यावर घेऊन.

मी आकडा मोठ्याने वाचला. वकीलसाहेबांनी स्वतः दुर्बिणीतून पाहिलं. एक डोळा मिटता येईना म्हणून हाताने झाकला.

"म्हणजे दोष मातीचा," ते म्हणाले.

"मातीने तीन वर्षं फाटक अडवून नोटीस दिली होती, साहेब. आपण लोहारांना दिली."

'आपण' मी विचारपूर्वक म्हटलं. मी त्यात होतो.

सायत्राबाई पट्टी धरून उभी होती. मी तिला आकडा सांगितला. "चार इंच उठली."

"चार?" तिने फरशीकडे पाहिलं. तिला पहिल्यांदा आकडा मिळाला होता. "बापाले म्या लहानपणी इचारलं होतं, किती उठते. तो म्हणे, काम बिघडन एवढी."

पुढचं काम तिने सांगितलं तसं झालं. ती म्हणाली, आता घाई नको, तोवर नालीचं वरचं तोंड मातीने बुजवा, पाऊस सरत आला की काम करा. आता पाजायला नको, देवानेच पाजली आहे. माती जेवढी उठायची तेवढी उठली आहे. आता ढाळ घेतला की पुढच्या उन्हाळ्यात ती खाली बसेल, आणि पुढचं तोंड खाली बसलं तर ढाळ वाढेल, कमी होणार नाही. मी हे कागदावर मांडून पाहिलं. एका जागी चूक काढता येईना. खणायला सोपी आणि कोरडी म्हणून आम्ही सगळे ओव्हरसियर मे महिन्यात नाल्या बांधतो. म्हणजे माती सर्वांत खोटी असते तेव्हा तिचं खरं मानून.

ऑगस्टभर नाना लायब्ररीत राहिले. वकीलसाहेबांची पक्षकारमंडळी वर येत, तेव्हा नाना कूस बदलून सगळं ऐकत. एकदा सावनेरकडच्या एका माणसाचा बांधाचा वाद चालला होता. नाना पलंगावरून म्हणाले, "तो बांध म्याच घालून देल्ला होता. तू खोटं बोलून राहिला गा." पक्षकार उठून गेला. वकीलसाहेबांनी त्यानंतर पक्षकारांना खाली बसवायला सुरुवात केली, नानांच्या जुन्या खोलीत. पुस्तकंही हळूहळू खाली आली, कारण पक्षकाराला पुस्तकं दिसावी लागतात. आता तिथली फरशी कोरडी राहणं वकीलसाहेबांना फार निकडीचं वाटू लागलं. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला त्यांनी स्वतः मला बोलावलं आणि म्हणाले, "खांब पाडा."

खांब पाडला. पाटी उतरवताना तिला एक तडा गेला, तिसऱ्या पदवीच्या मधून. नवा खांब चार फूट अलीकडे, पाया मुरमापर्यंत खोल; उजव्या खांबाचा पायाही तेवढाच खाली नेला. पुढचे चाळीस फूट फरशी उचलून पुन्हा बसवली. ढाळ नऊ इंच, पहिल्या एस्टिमेटमध्ये होता तेवढाच. उन्हाळ्यात मी मोजायला गेलो तेव्हा तो अकरा इंच झाला होता. फाटक आता बाराही महिने एका बोटाने लागतं. लोहारांवरच्या नोटिसा अजून मागे घेतलेल्या नाहीत.

नाना त्या खोलीत परत गेले नाहीत. खोली कोरडी झाल्यावर वकीलसाहेबांनी विचारलं होतं, "नाना, आता खाली यायचं का?" नाना म्हणाले, "पुस्तकाले राहू दे. त्याहिले खालची सवय नाही, करून घ्या म्हना." ते पुढे सहा पावसाळे जगले, वाळ्याच्या ताट्यांच्या थंडाव्यात.

या कामातून मी शिकलो ते थोडक्यात असं. मोजलेलं खरं असतं, पण ज्या दिवशी मोजलं त्या दिवसापुरतं. ज्याने मोजलेलं नाही पण दहा पावसाळे त्याच मातीत पाय घालून काढले आहेत, त्याला 'किती' विचारण्याआधी 'कधी' विचारावं. आणि जमिनीबद्दल घरातला पटवारी बोलत असेल, तर वहीत लिहून घ्यावं.

आता शेवटचा हिशेब. वकीलसाहेबांनी पहिल्या कामाचे दीडशे दिले होते. पुढचे चाळीस फूट पुन्हा करायला चौसष्ट, खांब सरकवायला अडतीस. एकूण दोनशे बावन्न. सदतीस रुपये वाचवायला एकशे दोन जास्त. दुसऱ्या कामाची माझी फी मी लावली नाही. पहिल्या कामाची पंधरा रुपये फी घेतली होती. तिच्यातून एक रक्कम काढून मी बिलाच्या शेवटी एक ओळ लिहिली, आणि बिल सहीसाठी वकीलसाहेबांपुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा वर केला. "हे काय? 'सल्ला फी, सायत्राबाई.' मातीकामवालीला सल्ला फी?"

"माझ्या फीतून आहे. तुमच्याकडून नाही."

"पण सल्ला फी! फीला काही रीत असते."

"तुमची किती असते, साहेब?"

"पंचवीस."

"मग ही स्वस्त पडली. आणि सल्ला बरोबर होता."

त्यांनी सही केली. लाल पेन्सिल उचलली नाही.

दिले: रुपये सहा, सायत्राबाई, मुकादमीण, यांस. पोचल्याचा डाव्या हाताचा अंगठा.